अर्धा सूर खाली

दहा गाणी रेकॉर्ड झाली होती, अकरावं उरलं होतं, आणि खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या अकराव्यासाठीच होता. ते डॉर्सी व्हेन्सिल गाणार होता. डॉर्सीला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

बार्टन्स फोर्कची शाळा बंद पडल्यापासून तिची जेवणाची खोली लग्नांना, निवडणुकांना आणि भाऊबंदकीच्या बैठकांना उपयोगी पडे. हा आठवडा ती व्हेन्सिलांकडे होती. चर्च मोठं होतं, आवाजही तिथे छान खुलला असता. पण आमच्या चर्चमध्ये वाद्यं आत नेत नाहीत, आणि सगळा जन्म वाद्यं घेऊन गावोगाव फिरलेली डॉर्सीची बायको ऑर्फा हा नियम मोडायला कधीच तयार नव्हती. त्यामुळे माइक शाळेच्या खोलीत मधोमध उभा होता. एकच माइक, सगळ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं करून गायचं. शेजारच्या स्वयंपाकघरात ऑर्फाने सकाळीच चढवलेल्या बीन्स डुकराच्या हाडासोबत मंद शिजत होत्या.

"सूर घ्या," ऑर्फाची मुलगी नोला म्हणाली आणि तिने माणसाएवढ्या बासची, खर्जातल्या त्या तंतुवाद्याची, तार छेडली.

हे तिचं लहानपणापासूनचं काम. सूर लावायची ती चिमट्याएवढी यंत्रं आईने बँडमध्ये कधी येऊ दिली नाहीत. देवाने कान दिलेत ते टोपी अडकवायला का, असं ती विचारी. तर नोलाच्या बासवरून पर्ली मामाने बँजो लावला, गार्नेटने मँडोलिन, आणि ऑर्फाने डॉर्सीची गिटार.

टेप गार्नेटने आणली होती. तो नोलाचा धाकटा भाऊ, घरचा बँड सोडून नॅशव्हिलला गेलेला आणि बापाच्या मातीला आलेला तो परत न गेलेला. पर्ली मामा कधीकाळी ओहायोच्या कारखान्यात होता, तेव्हा डॉर्सीने नवं गाणं कळावं म्हणून घरच्या स्वयंपाकघरात बसून त्याला ते टेपवर गाऊन पाठवलं होतं. गार्नेटने ती टेप मामाच्या माळ्यावरून शोधली, साफ करून घेतली आणि नॅशव्हिलच्या एका रेकॉर्ड कंपनीला ऐकवली. कंपनी एकदम राजी झाली. गेलेल्या नवऱ्याच्या आवाजाबरोबरच बायको त्याच्यापेक्षा वरच्या सुरांत गात वरचा आवाज लावणार, मुलगी तसाच खालचा. ऑर्फाने तर ऐकल्या ऐकल्या डोळे पुसले होते. "एवढं एक गाणं मला त्याच्याबरोबर गाऊ द्या," ती म्हणाली होती. "मग गळा गेला तरी जाऊ दे."

"आधी नुसते आवाज लावून बघू," गार्नेट म्हणाला. "वाद्यं नंतर. टीग, लाव."

टीग ब्रिस्टलहून रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन आलेला होता. गुणी माणूस, फक्त खोटं बोलायची सवय नव्हती. त्याने बटण दाबलं. डॉर्सी खाकरला, गिटारवरून हात फिरवला आणि गायला लागला.

नोलाने बासच्या तारांवरून हात काढला.

बाबा 'बी' पट्टीत गात होते. व्हेन्सिलांची पट्टी बी, हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं. ऑर्फाचा आवाज बीमध्ये जिथे जाऊन लागायचा तिथे ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, त्यावरच या घराने नाव कमावलं होतं. पण नोला आज सकाळी जो सूर देऊन बसली होती तो बी नव्हता. अर्धा सूर खाली होता. चार वर्षांत केसाकेसाने तिने तो खाली आणला होता, आणि रोज तोच देऊन देऊन तिला स्वतःलाही तो खरा वाटायला लागला होता. टेप काही तिच्याकडून सूर घेणार नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऑर्फा डोळे मिटून माइककडे सरकली. ध्रुपद आलं. *कोल्ड फोर्कच्या पाण्यापाशी मला सोडून जा*, यातल्या 'पाण्यापाशी'वर वरचा आवाज उडी घेतो. ऑर्फाने उडी घेतली आणि आवाज फाटला.

टीगने टेप थांबवली.

"पुन्हा," ऑर्फा म्हणाली.

पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर ती तिथवर पोचलीच नाही.

"टेप पळतेय ही, म्हणून सूर चढलाय," ती म्हणाली.

"पळतेयच," पर्ली मामाने लगेच री ओढली. "डॉर्सीचं ते मशीन कायम पळायचं. मी ओहायोत ऐकायचो तेव्हा मला वाटायचं याला कुठली गाडी गाठायचीय की काय."

"हो आई, पळत असणार," नोला म्हणाली.

"नाही, मॅडम," टीग म्हणाला. "ते मी तपासलंय. मागे फ्रिजची घरघर ऐकू येते ना? ती विजेची घरघर. ती सगळीकडे एकाच सुरात असते, तेव्हाही आणि आताही. तिच्यावरून टेप बरोबर वेगात आहे हे कळतं."

पर्ली मामाने टीगकडे असं पाहिलं की बिचारा वायर गुंडाळायला लागला.

"फ्रिज," ऑर्फा म्हणाली. "परत लाव. मला फ्रिज ऐकव."

तिने ऐकलं. मग गिटार गळ्यात तशीच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. शाळेचा तो जुना, कपाटाएवढा फ्रिज मुलांच्या दुधासाठी घेतलेला होता आणि अजून चालू होता. ऑर्फाने त्याच्या दाराला कान लावला. तोंडातल्या तोंडात गुणगुणली, गिटारची तार छेडली, परत कान लावला. तिच्या हातात डॉर्सीची गिटार, समोर बीन्सचं पातेलं, आणि कान फ्रिजला. एरवी पर्ली मामाने यावर आठवडाभर हसवलं असतं.

ती दारात येऊन उभी राहिली.

"टेपमध्ये घरघर डॉर्सीच्या सुराच्या जरा खाली आहे," ती म्हणाली. "इथे ती आपल्या सुराच्या जरा वर आहे. म्हणजे टेप पळत नाहीये. आपण बसलोय खाली. कोणी केलं हे?"

"मी," नोला म्हणाली.

"कधीपासून?"

"चार वर्षं. एकदम नाही. थोडं थोडं."

"पर्ली, तुला माहीत होतं?"

"ताई, माझ्या बँजोला सूर चढवायचा चाप लावताना दर वेळी कळायचं. मी आपला गप्प बसलो."

"आणि तू?"

"पहिल्याच दिवशी कळलं," गार्नेट म्हणाला. "परत आलो तेव्हा. मला वाटलं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

ऑर्फाने गिटार उतरवून खुर्चीवर ठेवली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आणि मला वाटत होतं, म्हातारपणी माझा गळा सुधारलाय," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात गॅलॅक्सच्या मेळाव्यात मी त्या पोरींना सांगितलं. त्या विचारत होत्या, ऑर्फाबाई, या वयात एवढ्या वर कशा गाता? मी म्हणाले, मध आणि प्रार्थना. लाज आणलीत मला."

ती आत गेली आणि बीन्स ढवळायला लागली. त्यांना ढवळायची काही गरज नव्हती.

*

गार्नेट नोलाला बाहेर गाड्यांपाशी घेऊन गेला. डोंगराच्या सावलीच्या बाजूला बर्फ अजून होतं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "यावर सोपा उपाय आहे. टीग बाबांचा आवाज अर्धा सूर खाली आणेल. हल्ली मिनिटाचं काम असतं ते. आई आपल्या जागी गाईल, कोणाला पत्ता लागणार नाही."

"तिला लागेल."

"तिला आता लागलाच आहे. प्रश्न फक्त गाणं होतं की नाही एवढाच."

नोलाने त्याच्याकडे पाहिलं. "आणि दुसरा उपाय?"

गार्नेटला हा प्रश्न नको होता. बहिणीपासून त्याला काही लपवता येत नसे, म्हणून तर तो नऊ वर्षं फोन करायचं टाळत होता. "दुसरा म्हणजे वरचा आवाज मी लावतो," तो म्हणाला. "कंपनीची पहिल्यापासून तीच इच्छा होती. मीच त्यांना म्हटलं, आधी आईला गाऊ द्या."

"म्हणजे आई पडेल याची वाटच बघत होते."

"ते बघत होते. मी नव्हतो." मग तो म्हणाला, "थोडासा होतो. बाबांबरोबर मला कधी वरचा आवाज मिळाला नाही, नोला. आई होती ना. मी गेलो का, कोणी विचारलंच नाही. ड्रम वाजवणाऱ्यांत गेला, बाटला, एवढंच बोलले सगळे. या घरात मला जागा नव्हती म्हणून गेलो."

"जागा तर मलाही नव्हती," नोला म्हणाली. "मी आपली खाली उभी राहिले."

ही गोष्ट गार्नेटच्या मनात कधी आली नव्हती. नोला बास वाजवते, गाडी चालवते, सूर देते आणि खालचा आवाज लावते, हे त्याने खोलीतल्या भिंतीसारखं धरून ठेवलं होतं.

आत आल्यावर त्याने टीगला सांगितलं. टीगने काहीतरी केलं आणि डॉर्सी परत गायला लागला. सूर बरोबर बसला होता, शब्दही तेच होते. पण जो गात होता तो जेवण झाल्यावर खुर्चीत पेंगणारा कोणी भला गृहस्थ होता. पर्ली मामाने तोंड वाकडं केलं.

"हा कोण?" आतून ऑर्फाने विचारलं.

ती हातात डाव घेऊनच बाहेर आली.

"कोण आहे हा? बंद करा. डॉर्सीला कोणी खाली ओढायचं नाही. खाणीत कामाला असताना छत कोसळलं तेव्हाही तो खाली राहिला नाही, वर आला, आणि आता माझ्या गळ्यासाठी तुम्ही त्याला ओढताय?"

"आई, ऐक तर," गार्नेट म्हणाला.

"मी माझा आवाज काढून घेते. माझ्याविना गा. पण त्याला हात लावायचा नाही."

"तुझ्याविना हे गाणं होणार नाही," पर्ली मामा म्हणाला. एरवी तो दोन वाक्यांत एक विनोद घालतो, आता घातला नाही. "ताई, मी बँजो पेटीत ठेवीन आणि घरी जाईन. सांगून ठेवतो."

"तू गप्प रहा. चार वर्षं छान जमलं होतं तुला गप्प राहणं." मग ती नोलाकडे वळली. "मला एवढंच सांग. माझी काय दया आली तुला? मला दुबळी समजलीस?"

नोलाने बासचा आधार घेतला. हे तिने कोणालाच सांगायचं नव्हतं, शब्द दिला होता. पण ज्याला दिला तो आता तिला सोडवायला येणार नव्हता.

"बाबांनी सांगितलं होतं," ती म्हणाली.

*

ऑर्फा खाली बसली. शाळेतल्या त्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या होत्या, तिचे गुडघे वर आले.

"काय सांगितलं होतं? त्याच्याच शब्दांत सांग."

"चार वर्षांपूर्वी ग्रंडीच्या कार्यक्रमात तू शेवटच्या गाण्यात चुकलीस. आठवतंय? तू म्हणालीस, घसा बसलाय. घरी येताना तू मागे झोपली होतीस आणि बाबा म्हणाले, तुझ्या आईला एकदा कळलं की ती पोचत नाही, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. ती गायली नाही तर मी कोणाबरोबर गाऊ? म्हणाले, उद्यापासून केसभर खाली दे. मग अजून केसभर. मी म्हटलं, तिला कळेल. ते म्हणाले, तू दिलास तर नाही कळणार."

ऑर्फाला आधी राग आला तो डॉर्सीचा. पन्नास वर्षं संसार केला आणि शेवटी माणसाने पाठीमागे हे केलं. मग तिला आठवलं, शेवटची दोन वर्षं तो ध्रुपदाला माइकजवळ फार यायचा. खालच्या सुरात त्याचा आवाज मोकळा सुटत नव्हता, म्हणून यायचा. ती त्याला कोपर मारायची, मागे सर, मला झाकतोस. आणि तो हसून मागे सरायचा. तिच्यासाठी तो स्वतःच्या जागेवरून खाली येऊन गात होता, आणि ती त्याला कोपर मारत होती. तिला तिथेच हुंदका आला. तो तिने येऊ दिला, पदर वगैरे काही नव्हता म्हणून डाव धरलेल्या हाताच्या बाहीला डोळे पुसले, आणि उठली.

"तारा चढवा," ती म्हणाली. "सगळ्यांनी. त्याच्या सुरात लावा. टीग, तुझं ते चिमट्याचं यंत्र दे तिला. आज चालेल."

"आई, पण तू..." गार्नेट म्हणाला.

"मला नाही पोचता येत. मी तीनदा करून पाहिलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, आता त्यावर चर्चा नको. वरचा आवाज नोला लावेल."

सगळे एकदम बोलले, आणि त्यात गार्नेटचा आवाज वर होता. "आई, मी दहा वर्षं वरचा आवाज लावतोय. तेच माझं पोट आहे. नोलाने जन्मात कधी लावलेला नाही."

"मला नाही जमणार," नोला म्हणाली.

"तू चांगला गाशील, गार्नेट," ऑर्फा म्हणाली. "उत्तम गाशील. माझ्यापेक्षाही. पण मला सांग, चार वर्षं रोज माझा सूर केसाने खाली न्यायचा, आणि मला, मला, पत्ता लागू द्यायचा नाही, हे कोणाला जमेल? माझा आवाज आज कुठवर जाईल हे तिला माझ्याआधी कळत होतं. सर्दी झाली की कळायचं, रडले असले की कळायचं. माझा आवाज तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुला तुझा पाठ आहे."

गार्नेट मँडोलिनच्या तारांकडे बघत राहिला. लागलं त्याला, आणि ते त्याने लपवलंही नाही. "मग कंपनीला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग की ऑर्फा व्हेन्सिल खालचा आवाज लावते."

पर्ली मामाला आता राहवलं नाही. "ताई, खालचा? अगं, बाकीच्यांनी निवडून घेतल्यावर उरतात ते सूर असतात ते. भाजीवाल्याच्या पाटीतले."

"मग उरलेत ना? मला चालतील. नोला, इकडे ये. खालचा आवाज कुठून धरतात ते शिकव."

नोला आली. "तो एकटा म्हणून दाखवता येत नाही, आई," ती म्हणाली. "एकटा म्हटला तर कोणतं गाणं आहे तेही कळत नाही. बाबांच्या खाली उभी राहा आणि ते जिथे जातील तिथे जाऊ नकोस. एवढंच आहे ते."

सांगायला एवढंच होतं. ऑर्फाला ते जमेना. सगळा जन्म वर उडी घ्यायची सवय. 'पाण्यापाशी' आलं की तिचं अंग आपोआप वर उचललं जायचं आणि आवाज नोलाच्या आवाजावर जाऊन आदळायचा. दुपार झाली. त्यांनी बीन्स आणि मक्याचा ब्रेड उभ्याउभ्याच खाल्ला आणि परत माइककडे आले. पर्ली मामा म्हणाला की म्हातारी घोडी रस्ता बदलत नाही, आणि ऑर्फाने त्याला सांगितलं की ती घोडी लाथ मारायची विसरलेली नाही. नोलाही धड नव्हती. ती वर पोचत होती, पण परक्याच्या घरात शिरावं तसं दबकत. ऑर्फा दर वेळी तेच म्हणे, "जोरात. तुझं आहे ते."

शेवटी गार्नेट आईजवळ येऊन उभा राहिला. मँडोलिन पाठीमागे सरकवून त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि खालचा आवाज हलकेच म्हणायला सुरुवात केली. तो वरचा गाणारा, हा सूर त्यालाही नीट येत नव्हता. दोघं मिळून चुकले. मग कमी चुकले. ऑर्फाने त्याच्या दंडाला धरलं, 'पाण्यापाशी' आलं की त्याने तिचा हात खाली दाबायचा, असं ठरलं.

"आता वाद्यांसकट," ती म्हणाली. "टीग, शेवटपर्यंत जाऊ दे. मध्ये कोणी मेलं तरी थांबवायचं नाही."

डॉर्सी खाकरला. बँजो त्याच्या मागोमाग निघाला, बास खाली लागला, आणि या वेळी सगळं त्याच्याच सुरात होतं. ध्रुपद आलं. गार्नेटने हात दाबला आणि ऑर्फा खाली राहिली. तिला तिथे काहीच ओळखीचं वाटेना. नवऱ्याचा आवाज तिने कायम वरून ऐकला होता. आता तो तिच्या डोक्यावरून जात होता, आणि त्याच्याही वर नोला होती, दबकत नव्हती, सरळ गेली होती आणि तिथेच थांबली होती. या जागेवर माझी पोर एवढी वर्षं उभी होती, ऑर्फाच्या मनात आलं, आणि मी कधी खाली वाकून पाहिलं नाही. तिचा सूर हलला. तिने तो परत धरला आणि दुसऱ्या ध्रुपदाला सोडला नाही.

गाणं संपलं. गिटारचा शेवटचा हात विरला आणि कोणी श्वास सोडायच्या आत टेपमधून डॉर्सीच बोलला. हे शेवटचं वाक्य गार्नेटने आधी ऐकलं होतं, ते कापायचं असंही ठरवलं होतं, पण टीगला सांगायचं राहून गेलं होतं.

"काय गं ऑर्फी," डॉर्सी म्हणाला. त्याच्यामागे फ्रिज घरघरत होता. "जमेल ना तुला एवढ्या वर?"

"नाही, डॉर्सी," ऑर्फा मोठ्याने म्हणाली. "मला नाही जमत आता. नोलाला जमतं."

टीगने बटणावरचा हात उचलला आणि जरा घुटमळला. मॅडमचं बोलणंही आत गेलंय, तो म्हणाला. ते कापू का? सवयीने सगळ्यांनी ऑर्फाकडे पाहिलं. ऑर्फाने नोलाकडे पाहिलं.

"राहू दे," नोला म्हणाली.